अनलमेंटचा अर्ज लिहिताना लग्नाच्या दिवसापर्यंतचं आधी लिहा

आमच्या पॅरिशमध्ये (गावातल्या चर्चच्या हद्दीत) कुणाचं अनलमेंटचं प्रकरण निघालं की फादर त्या माणसाला माझ्या घरी पाठवतात. अनलमेंट म्हणजे ते लग्न मुळातच वैध नव्हतं असा कॅथलिक चर्चचा निकाल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. अर्जासोबत लग्नाची जी हकीकत जोडावी लागते, ती नीट लिहून काढायला मी मदत करते. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या भागात कॅथलिक घरं थोडी आणि एकमेकांपासून लांब. ज्याच्यावर वेळ येते त्याला विचारायला जवळ कुणी नसतं, आणि ऐकीव गोष्टी मात्र भरपूर असतात. म्हणून दरवेळी जे तोंडी सांगते ते इथे लिहिते आहे.

बहुतेक बायांचं पहिलं वाक्य एकच असतं. "बाई, तो मले मारे, दारू पे, घरात पैसा दे नाई." हे सगळं खरं असतं, मी त्यावर कधी शंका घेत नाही. पण चर्चचं न्यायालय, म्हणजे ट्रिब्युनल, या गोष्टींवर निकाल देत नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे. वेदीसमोर दोघांनी होकार दिला, त्या दिवशी तो होकार खरा, मोकळा आणि पूर्ण होता का? चर्चच्या कायद्यात लग्न होतं ते दोघांच्या संमतीने. ती संमतीच सदोष असेल, तर लग्न झालेलं दिसलं तरी ते बांधलं गेलेलं नसतं.

कास्तकाराला हे एका मिनिटात समजतं. पऱ्हाटी (कपाशी) बसली नाही तर एक तर बियाणंच बोगस निघालं, नाहीतर बियाणं चांगलं होतं आणि पुढे पाऊस गेला, बोंडअळी आली. नुकसान दोन्हीकडे सारखंच. पण बियाण्याची तक्रार केली की पंचनाम्याला आलेला माणूस पेरणीच्या वेळचं विचारतो, पिशवी कुठली, लॉट नंबर काय, बिल ठेवलं का. अनलमेंटचा अर्ज हा बियाण्याबद्दलचा अर्ज आहे. पुढच्या हंगामात काय झालं ते सांगायचं, पण बियाणं कसं होतं हे त्यातून दिसावं म्हणून.

एक गोष्ट सगळ्यात आधी. मारहाण चालू असेल तर अर्जाची वाट पाहू नका, आधी जीव सांभाळा. ११२ किंवा महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन लावा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे. चर्चचा कायदासुद्धा, जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचा हक्क देतो. आणि वेगळी राहणारी किंवा कोर्टातून घटस्फोट झालेली बाई, तिने दुसरं लग्न केलेलं नसेल, तर तेवढ्या कारणाने ख्रिस्तप्रसादापासून, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) रांगेने घेतात त्या पवित्र भाकरीपासून, दूर होत नाही. मिस्सेला येऊन शेवटच्या बाकावर बसून राहणाऱ्या, रांगेत न उठणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की तुला चालत नाही. हे ऐकून माझा जीव तुटतो. आपल्या फादरांना सरळ विचारा आणि रांगेत उभ्या राहा.

कोणती कारणं चालतात

कॅथलिक चर्चचा सध्याचा कायदा १९८३ चा आहे. त्यात लग्न वैधच आहे असं आधी धरून चालतात, ते नव्हतं हे सिद्ध करावं लागतं. कारणं बरीच आहेत, पण आपल्याकडे वारंवार येतात ती सांगते.

जबरदस्ती आणि भीती. इथे कुणी बंदूक लावत नाही. बाप म्हणतो, "तू नाई म्हनशील तर मी फवारनीचं औषध घेतो." ज्या जिल्ह्यांत हे शब्द खरे ठरलेले सगळ्यांनी पाहिलेत, तिथे पोरगी त्याला नुसती धमकी मानत नाही. बाहेरून आलेल्या एवढ्या मोठ्या भीतीतून सुटायला लग्नाशिवाय वाट उरली नसेल, तर ती संमती चर्च धरत नाही. समोरच्याने मुद्दाम भीती घातली नसली तरीही.

फसवणूक. होकार मिळवण्यासाठी मुद्दाम लपवलेली गोष्ट, आणि ती अशी की संसारच तिने मुळातून ढवळून निघावा. मोठा मानसिक आजार, मूल होणार नाही हे आधीच माहीत असणं, दुसऱ्या बाईपासून झालेलं लेकरू. मूल न होणं हे एकटं कारण होत नाही, ते माहीत असून दडवलं हे होऊ शकतं. पगार फुगवून सांगितला, शेत चार एकर असताना दहा सांगितलं, एवढ्यावर मात्र अर्ज टिकणं कठीण.

मनात वेगळंच धरून दिलेला होकार. तोंडाने हो म्हटलं, पण लेकरं होऊच द्यायची नाहीत, किंवा जुनं प्रेमप्रकरण सोडायचंच नाही, किंवा जमलं नाही तर मोकळं व्हायचं, असा पक्का निश्चय त्या दिवशी मनात होता.

आणि असमर्थता. मनाच्या एखाद्या गंभीर कारणामुळे लग्नाची जबाबदारी पेलण्याची कुवतच नव्हती, किंवा आपण कशाला हो म्हणतोय हे तोलण्याची समज नव्हती. दारूची प्रकरणं बहुधा इथे येतात, म्हणून थोडं थांबून सांगते. लग्नानंतर सात वर्षांनी, दोन हंगाम बुडाल्यावर नवरा प्यायला लागला असेल तर ते दुःख मोठं आहे, पण ते या अर्जाचं कारण नाही. लग्नाआधीच तो व्यसनात इतका बुडालेला होता की स्वतःलाही सांभाळू शकत नव्हता, व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून आणला होता, हळदीच्या दिवशी शुद्धीत नव्हता, तर ते महत्त्वाचं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ मध्ये रोममधल्या चर्चच्या न्यायाधीशांसमोर हा फरक स्पष्ट केला होता, की लग्न निभावणं अवघड जाणं वेगळं आणि ते निभावण्याची कुवतच नसणं वेगळं. लग्न रद्दबातल ठरतं ते दुसऱ्यामुळे.

लग्न कॅथलिक रीतीने झालंच नसेल तर रस्ता पुष्कळ सोपा आहे. आपल्याकडे कॅथलिक पोरीचं लग्न विहारात किंवा नुसतं रजिस्टर पद्धतीने झालेलं असतं, बिशपांची सूट घेतलेली नसते. अशा वेळी खटला चालवावा लागत नाही, कागदपत्रांवरून फैसला होतो. नंतर कधी ते लग्न चर्चमध्ये लावून घेतलं होतं का, एवढं मात्र नक्की पाहतात.

पुष्कळांना एक गोष्ट ठाऊक नसते. दोन प्रोटेस्टंटांचं, दोन बौद्धांचं किंवा दोन हिंदूंचं लग्नही कॅथलिक चर्च लग्नच मानतं. आपल्या मुलीला पाहायला आलेला मुलगा सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचा) आहे, त्याचा कोर्टातून घटस्फोट झालाय, तर चर्चमध्ये लग्न लावायला तेवढं पुरत नाही. त्याचं पहिलं लग्नही तपासावं लागतं. सोयरीक पुढे जाण्याआधी फादरांना सांगा. मांडव पडल्यावर हे कळलं की दोन्ही घरांची फार ओढाताण होते.

अर्ज कुठे द्यायचा

सुरुवात आपल्या पॅरिशच्या फादरांपासून. ज्या धर्मप्रांतात (एका बिशपांच्या हाताखालच्या भागात) लग्न लागलं तिथलं, अर्जदार किंवा दुसरा पक्ष राहतो तिथलं, किंवा बहुतेक पुरावा जिथे आहे तिथलं, यांपैकी कोणतंही ट्रिब्युनल चालतं. म्हणजे लग्न नागपूरला झालं आणि पोरगी आता माहेरी मेळघाटात असेल, तर दर वेळी नागपूर गाठायलाच पाहिजे असं नाही. छोटे धर्मप्रांत शेजारच्या ट्रिब्युनलकडेही प्रकरणं पाठवू शकतात, त्यामुळे आपलं काम नेमकं कुठे चालेल ते आधीच विचारून घ्या. बल्लारपूरला केंद्र असलेला चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार चर्चचा, म्हणजे मूळ केरळमधल्या पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चचा आहे. त्या चर्चच्या लोकांना पूर्वेकडच्या चर्चचा १९९० चा कायदा लागतो, पण या बाबतीत दोन्हीकडचं काम जवळपास सारखंच चालतं.

कागद असे: बाप्तिस्म्याचा नवा काढलेला दाखला (घरच्या ट्रंकेतला जुना नको, कारण नोंदवहीतल्या पुढच्या नोंदी नव्या दाखल्यावरच येतात), चर्चचा लग्नदाखला, सरकारी लग्ननोंदणी असेल तर ती, कोर्टाचा हुकूम झाला असेल तर त्याची नक्कल, आणि दुसऱ्या पक्षाचा आजचा पत्ता. पत्ता फार महत्त्वाचा. त्याच्यावर काही होऊ नये म्हणून किंवा त्याला कळू नये म्हणून पत्ता चुकीचा देऊ नका. दुसऱ्या पक्षाला कळवणं न्यायालयावर बंधनकारक आहे आणि त्याला डावलून झालेला निकाल टिकत नाही.

खर्चाचं स्पष्ट बोला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये नियम बदलले, ते त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून लागू झाले. त्यात हे काम शक्य तितकं विनामूल्य व्हावं असं म्हटलं आहे. काही ठिकाणी कार्यालयीन खर्च मागतात. परवडत नसेल तर तसं लिहून द्या, आणि जे द्याल त्याची पावती घ्या. "माझी ओळख आहे, काम करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

हकीकत कशी लिहायची

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन करते, कारण प्रकरण इथेच उभं राहतं.

दोनशे पानी वही घ्या. आपल्याच बोलीत लिहा, शुद्धलेखनाची फिकीर नको. लिहिता येत नसेल तर विश्वासाच्या माणसाला सांगून लिहून घ्या. क्रम असा ठेवा: माहेर आणि लहानपण, त्याच्या घरचं वातावरण, सोयरीक कशी आली आणि हो कुणी म्हटलं, साक्षगंध (साखरपुडा) ते लग्न या काळात काय काय दिसलं, लग्नाचा दिवस, पहिले काही महिने, वेगळं कसं झालो, परत जुळवायचा प्रयत्न कुणी केला. वहीची अर्ध्याहून जास्त पानं लग्नाच्या दिवसापर्यंतच भरायला हवीत.

तारीख आठवत नसेल तर तुरी सोंगायच्या वेळेस, नाताळाच्या आधी, असं लिहा. ते खरं आणि उपयोगाचं असतं. अंदाजाने तारीख ठोकून दिली आणि साक्षीदाराने वेगळी सांगितली, तर उगीच शंका येते.

"त्याचा स्वभाव वाईट होता" या वाक्याने न्यायाधीशाच्या हाती काही लागत नाही. हेच असं लिहिता येतं: "साक्षगंधाला पाहुणे जेवत असताना तो मागच्या दाराने गेला आणि रात्रीपर्यंत आलाच नाही. त्याच्या मोठ्या भावाने माझ्या बापाला सांगितलं की त्याला ताप आहे. दुसऱ्या दिवशी माझ्या मामाला तो स्टॅन्डवर पडलेला दिसला. मामाने घरी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, आता पत्रिका वाटल्या." यात कोण, कुठे, काय, आणि पुढे कुणाला विचारायचं हे सगळं आलं. आईचं ते वाक्यही आलं, आणि तेही तितकंच महत्त्वाचं आहे.

स्वतःबद्दल लिहायला घाबरू नका. तुम्हाला लग्नाआधी काही माहीत होतं का, हा प्रश्न येणारच. माहीत होतं आणि लग्नानंतर सुधारेल असं वाटलं, तर तसंच लिहा. फसवणुकीचं कारण त्याने दुबळं होईल, पण असमर्थतेचं कदाचित बळकट होईल. कोणतं कारण बसतं ते ठरवणं कायदा शिकलेल्या फादरांचं काम आहे. आपण कारणाला जुळेल असं लिहायला गेलो की हकीकतीतला जीव जातो आणि वाचणाऱ्याला ते समजतं.

त्याच्या घरच्यांना शिव्याशाप, सासूच्या जातीपातीचं, दागिन्यांचा हिशेब, हे वहीत येऊ द्या. मन मोकळं होतं. अर्जाच्या प्रतीत मात्र ते उतरवू नका.

साक्षीदार निवडताना लग्नाआधीपासून ओळखणारे शोधा: मामा, मैत्रीण, शेजारीण, लग्नाआधीची शिकवण देणारे फादर किंवा कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक), उपचार केलेला डॉक्टर. कॅथलिकच पाहिजे असं नाही. घरासमोरची बौद्ध मावशी, जिने सगळं डोळ्यांनी पाहिलं, ती दहा नातेवाइकांपेक्षा उपयोगाची. त्यांना काही पढवू नका. "जे पाहिलं तेच सांगा," एवढंच सांगायचं. जुनी पत्रं, फोनमधले संदेश, दवाखान्याचे कागद जपून ठेवा आणि फोन बदलण्याआधी संदेशांची प्रत काढून घ्या.

पुढे काय होतं

अर्ज स्वीकारला की त्याची प्रत दुसऱ्या पक्षाला जाते आणि उत्तराला पंधरा दिवस मिळतात. तो आलाच नाही, तरी काम थांबत नाही. त्याला रीतसर कळवून पुढे चालवता येतं. नंतर न्यायाधीश नेमका प्रश्न ठरवतात, की अमुक कारणाने हे लग्न अवैध होतं का, आणि पुढची सगळी चौकशी त्या प्रश्नाभोवती फिरते. दोघेही तयार असतील आणि पुरावा उघड असेल तर छोटी प्रक्रिया आहे, तिचा निकाल बिशप स्वतः देतात. एरवी बहुधा तीन न्यायाधीश असतात.

जबानीची भीती सगळ्यांना वाटते. नवऱ्यासमोर उभं करून भांडण लावत नाहीत. बायबलवर शपथ घेऊन एकटीला विचारतात, आणि नोटरी (ट्रिब्युनलचे लेखनिक) लिहून घेतात. मराठीत, वऱ्हाडीत बोला. कोरकू हीच आपली भाषा असेल तर दुभाषी मागा. लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. चुकलं असेल ते दुरुस्त करायचा, राहिलं असेल ते घालायचा तुम्हाला हक्क आहे. अंतर फार असेल, वेचणी चालू असेल, तर जबानी आपल्या पॅरिशमध्ये घेता येईल का ते विचारा. मानसिक कारण असेल तर तज्ज्ञाचं मत घेतात. त्याचा अर्थ कुणी तुम्हाला वेडी ठरवतंय असा होत नाही.

लग्नाच्या बाजूने बोलणारा एक अधिकारी दर प्रकरणात असतो, बंधनाचा रक्षक. तो नवऱ्याचा वकील नसतो. लग्न वैध होतं असं म्हणता येण्यासारखं जे काही असेल ते मांडणं त्याचं काम. त्याचे प्रश्न टोचतात. शांतपणे उत्तर द्या.

पहिल्या टप्प्याचं काम वर्षाच्या आत उरकावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्तही लागतं, बहुतेक वेळा पत्ता न सापडल्याने किंवा साक्षीदार न आल्याने. दोन-तीन महिन्यांनी पत्र टाकून विचारत राहणं हा तुमचा हक्क आहे. या काळात पुढच्या लग्नाची तारीख मात्र मुळीच धरू नका. कुणीही आधी शब्द देऊ शकत नाही.

पूर्वी होकारार्थी, म्हणजे लग्न अवैध होतं असा निकाल दोनदा, दोन न्यायालयांत लागावा लागे. २०१५ पासून एक पुरतो, पंधरा दिवसांत कुणी अपील केलं नाही तर. निकाल विरुद्ध गेला तर तुम्हालाही तेवढ्याच दिवसांत अपील करता येतं.

कोर्टाचं काम वेगळं

इथे फार लोक अडकतात. चर्चचा निकाल सरकारी कायद्यात चालत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात हे सांगितलं, आणि चर्चच्या निकालांना मान्यता मागणारी याचिका जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. म्हणजे चर्चमधून मोकळी झालेली बाई कायद्याच्या कागदावर अजून लग्नाची बायकोच आहे. तशा स्थितीत दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा होतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली. जिल्हा किंवा कुटुंब न्यायालयातून १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली हुकूम घ्यावा लागतो. परस्पर संमतीची सोय त्यात २००१ च्या दुरुस्तीने आली. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायांना तिथे मोफत वकील मिळतो. कोर्टाचं काम आधी संपवून या असं काही ट्रिब्युनल म्हणतात, काही दोन्ही सोबत चालू देतात. पहिल्या भेटीतच विचारा.

"मंग हे लेकरू कोनाचं म्हनतीन लोकं?" हा प्रश्न मला एका तरुण आईने विचारला होता, लेकराला मांडीवर घेऊन. तिला सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. निदान एकाने तरी लग्न खरं समजून केलं असेल, तर ती लेकरं चर्चच्या कायद्यात पूर्णपणे औरसच राहतात. निकालाने त्यांचं काही जात नाही. उलट, लेकरांचं पालनपोषण आणि शिक्षण, आणि एकमेकांबद्दलची देणी यांची आठवण निकालातच करून देतात. पोटगीचा हक्क कोर्टातून मागायचा, तो या निकालाने बुडत नाही.

गावात चर्चा होणारच. फाईल गुप्त असते, तुम्हीही ती गुप्त ठेवा. अर्जाचा फोटो काढून कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, त्यात दुसऱ्याचीही अब्रू आहे.

निकाल हाती आला की तो शांतपणे शेवटपर्यंत वाचा. कधी कधी त्यात अट घातलेली असते, की अमुक व्यक्तीने परवानगी घेतल्याशिवाय पुन्हा चर्चमध्ये लग्न करू नये. असमर्थतेच्या प्रकरणात असं बऱ्याचदा होतं, आणि ते पुढच्या जोडीदाराच्या भल्यासाठी असतं. ती अट उठवायला काय करावं लागेल ते तेव्हाच विचारून घ्या, म्हणजे नवी सोयरीक आल्यावर धावपळ होत नाही. निकालाची नोंद लग्न लागलेल्या चर्चच्या आणि बाप्तिस्मा झालेल्या चर्चच्या नोंदवहीत व्हावी लागते. ती झाली असेलच असं धरू नका. काही महिन्यांनी बाप्तिस्म्याचा दाखला पुन्हा काढा, नोंद आली का पाहा, आणि नसेल तर निकालाची प्रत जोडून आपल्या फादरांच्या हातून त्या पॅरिशला पत्र पाठवा.